कोर्ट मॅरेज करायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंधराएक जोडप्यांच्या विवाह प्रमाणपत्रावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. पहिली सही मैत्रिणीसाठी केली, दुसरी तिच्या भावासाठी. मग "काकू, तुम्हाला यातलं सगळं माहीत आहे ना?" म्हणत ओळखीची, बिनओळखीची मुलं येऊ लागली. प्रश्न तेच ते असतात. म्हणून एकदाचे लिहून काढले. सगळं महाराष्ट्राला धरून आहे. गोव्याची रीत वेगळी, तिचा प्रश्न खाली स्वतंत्र घेतला आहे.

कोर्ट मॅरेज कोर्टात होतं का?

नाही. न्यायाधीश नसतात, कठडा नसतो, वकील असायलाच हवा असंही नाही. हे लग्न विवाह अधिकाऱ्यासमोर होतं. महाराष्ट्रात हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाकडे आहे, म्हणजे घराची खरेदीखतं ज्या खात्यात नोंदवतात तेच खातं. कायदा आहे विशेष विवाह अधिनियम, १९५४. लोक त्याला कोर्ट मॅरेज म्हणतात, रजिस्टर म्हणतात, नोंदणी विवाह म्हणतात. कार्यालयात गेल्यावर मात्र 'विशेष विवाह' म्हणा, नाहीतर भलत्याच खिडकीसमोर तासभर उभे राहाल.

लग्नाचं लायसन्स कुठे मिळतं?

हा प्रश्न बहुतेक वेळा अमेरिकेतल्या चुलतभावाकडून आलेला असतो. तिथे आधी लायसन्स काढतात, मग लग्न लावतात. आपल्याकडे असा परवाना नाही. आपल्याकडे आहे नोटीस, म्हणजे 'आम्ही दोघं लग्न करणार आहोत' अशी विवाह अधिकाऱ्याला दिलेली लेखी सूचना. ती दिल्यावर तीस दिवस थांबायचं. त्या काळात कायद्यात बसणारी हरकत आली नाही, तर लग्न लावून देणं हे अधिकाऱ्याचं काम आहे. त्यांना तुमची निवड आवडायला हवी, अशी अट कुठेही नाही. हे मी दर वेळी सांगते, कारण मुलं त्या टेबलासमोर हात जोडून उभी राहतात. नोटीस म्हणजे परवानगीचा अर्ज नव्हे.

नोंदणी विवाह आणि विवाहाची नोंदणी एकच ना?

नाही, आणि निम्मा घोटाळा इथेच होतो.

विवाहाची नोंदणी म्हणजे आधीच लागलेलं लग्न सरकारदरबारी नोंदवणं. भटजींनी, भन्तेजींनी किंवा काझींनी लग्न लावलं, की ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जाऊन ते नोंदवतात. महाराष्ट्रात यासाठी १९९८चा विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणीचा कायदा आहे. लग्नाची पत्रिका, लग्नातला फोटो, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्याची सही असं सगळं त्याला लागतं. मुदत ९० दिवसांची आहे. ती उलटली तर विलंब शुल्क भरून नोंदणी होते.

नोंदणी विवाह म्हणजे लग्नच त्या कार्यालयात लागतं. आधी काही झालेलं नसतं.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या खटल्यात सगळ्या धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी असं राज्यांना सांगितलं. नोंदणी केली नाही म्हणून लागलेलं लग्न रद्द होत नाही. पण पासपोर्ट, व्हिसा, विमा, वारसा यांतलं कुठलंही काम निघालं की त्या कागदाची आठवण होते.

आम्हाला यातलं कुठलं लागू?

दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असाल, जाती कुठल्याही असोत, तर दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. हिंदू विवाह कायदा, १९५५ या चौघांनाही लागू आहे. म्हणजे मराठा मुलगी आणि बौद्ध मुलगा साधे विधी करून, नंतर नोंदणी करून मोकळे होऊ शकतात. तीस दिवस थांबावं लागत नाही.

धर्म वेगळे असतील, उदाहरणार्थ एक हिंदू आणि एक मुसलमान, आणि दोघांपैकी कुणालाच धर्म बदलायचा नसेल, तर विशेष विवाह हीच सरळ वाट. कुठलेच विधी नको असलेली एकाच धर्माची जोडपीही हीच वाट धरतात. माझ्या सह्यांपैकी निम्म्याहून जास्त सह्या अशाच लग्नांवरच्या आहेत. घरचे राजी असतात, फक्त आहेर-मानपान आणि पाचशे पानांचा खर्च नको असतो.

थोडं मागे जाऊन सांगते. १८७२च्या जुन्या कायद्याने असं लग्न करायचं, तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुणी नाही असं लिहून द्यावं लागे. १९२३च्या दुरुस्तीनंतर हिंदू, बौद्ध, शीख, जैनांना आपसात लग्न करताना ते लिहून देण्याची गरज उरली नाही. १९५४च्या कायद्याने ही भानगड सगळ्यांसाठीच संपवली. आता तुमचा धर्म तुमच्यापाशी.

अटी काय आहेत?

मुलगा २१ पूर्ण, मुलगी १८ पूर्ण. (मुलींचं वय २१ करण्याचं विधेयक डिसेंबर २०२१मध्ये लोकसभेत मांडलं होतं. ती लोकसभा विसर्जित झाली तसं तेही बारगळलं.) दोघांपैकी कुणाचंही आधीचं लग्न कायम नसावं, म्हणजे आधीचं लग्न झालं असेल तर ते कायद्याने संपलेलं हवं. दोघंही समजून-उमजून संमती देऊ शकणारे हवेत. आणि निषिद्ध नात्यातले नसावेत. आई-वडिलांची संमती या यादीत नाही.

मामाच्या मुलीशी नोंदणी विवाह करता येतो का?

आपल्याकडे हा प्रश्न येणारच. मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रात बऱ्याच समाजांत आहे. मात्र विशेष विवाह कायद्याला जोडलेल्या नात्यांच्या यादीत पुरुषासाठी ३७ आणि स्त्रीसाठी ३७ नाती आहेत, आणि त्यांत चुलत, मावस, आते, मामे अशी चारही भावंडं येतात. रूढीला सवलत आहे, पण या कायद्यापुरता 'रूढी'चा अर्थ राज्य सरकारने राजपत्रात जाहीर केलेली रूढी असा आहे. "आमच्यात चालतं" एवढ्यावर भागत नाही.

हिंदू विवाह कायद्यातही हे नातं निषिद्धच धरलं आहे. तिथे मात्र समाजात पूर्वापार चालत आलेली रूढी असेल तर ती मानली जाते, राजपत्राची अट नाही. म्हणून मामे-आते भावंडांनी आपल्या रीतीने लग्न लावावं आणि मग नोंदवावं. विशेष विवाहाची नोटीस देऊन तीस दिवसांनी नकार ऐकण्यात काही अर्थ नाही.

नोटीस कुठे द्यायची? दोघांचे जिल्हे वेगळे आहेत.

दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात नोटिशीच्या आधीचे सलग तीस दिवस राहतो आहे, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे. एकाचं भागलं की पुरे. मुलगी पुण्यात नोकरीला आणि मुलगा लातूरचा असेल, तर पुण्यात नोटीस चालते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी भाडेकरार नोंदवलेला आहे ना, हे आधी पाहावं. आधारवर गावचा पत्ता आणि हातात शहरातला काहीच पुरावा नाही, या एकाच कारणाने मी तीन जोडप्यांना परत फिरताना पाहिलं आहे.

अर्ज विभागाच्या संकेतस्थळावरूनही भरता येतो. सह्या दोघांच्याही लागतात.

तारखांचं गणित कसं असतं?

हॉल बुक करण्याआधी हे वाचा.

नोटीस लागली की तिथून तीस दिवस हरकतीचे. ते संपल्यावर लग्न. आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न झालं नाही, तर नोटीस बाद होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. समजा ३ नोव्हेंबरला नोटीस दिली आणि त्याच दिवशी ती फलकावर लागली. तर ३ डिसेंबरपर्यंत थांबायचं, त्यानंतरचा कामाचा दिवस धरायचा, आणि फेब्रुवारी उजाडायच्या आत उरकायचं. म्हणजे हातात साधारण दोन महिने असतात. परदेशातून रजा काढून येणाऱ्याने आधी हे गणित कागदावर मांडावं आणि मग विमानाचं तिकीट काढावं. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने उलटं केलं. तीस दिवस पुरे व्हायला चार दिवस बाकी असताना त्याची रजा संपली. लग्न झालं, पण पुढच्या सुट्टीत, आणि नोटीस पुन्हा द्यावी लागली.

नोटीस घरी जाते का? घरच्यांना कळेल का?

खरं सांगायचं तर कळू शकतं. कायद्याप्रमाणे नोटीस विवाह नोटीस वहीत चढते आणि तिची प्रत कार्यालयात ठळक जागी लावतात. दोघांपैकी कुणाचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लागते. वही कुणीही फुकट पाहू शकतो. गावाकडच्या कार्यालयात कुणाचा तरी मेव्हणा नोकरीला असतोच.

घरच्या पत्त्यावर नोटीस पाठवायला कायदा सांगत नाही. दिल्लीत तसं करत होते, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली ते खाजगीपणावरचं अतिक्रमण ठरवलं. पुढे जानेवारी २०२१मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सांगितलं की जोडप्याने लेखी मागणी केली नसेल, तर नोटीस लावायचीच नाही. तो निकाल उत्तर प्रदेशातला. आपल्याकडचा अधिकारी त्यावरून नोटीस लावायचं थांबवेल, अशा भरवशावर राहू नका. माझं मत विचाराल तर ही तीस दिवसांची दवंडी आता जायला हवी. मंडपात लग्न करणाऱ्यांना कुणी महिनाभर आधी फलकावर टांगत नाही.

आई-वडील किंवा शेजारी हरकत घेऊ शकतात का?

हरकत कुणीही घेऊ शकतो. पण ती वर दिलेल्या अटींपैकी एखादी मोडते आहे, एवढ्याच मुद्द्यावर. "जात वेगळी आहे", "मुलगा आमच्या तोलाचा नाही", "आम्हाला विचारलं नाही" या हरकती कायद्याच्या लेखी हरकतीच नव्हेत. खरी हरकत लेखी द्यावी लागते आणि देणाऱ्याची सही लागते. अधिकाऱ्याने तीस दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो. त्याने लग्नाला नकार दिला, तर तुम्ही तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करू शकता. आणि हरकत बिनबुडाची आहे, प्रामाणिकपणे घेतलेली नाही असं दिसलं, तर ती घेणाऱ्याकडून हजार रुपयांपर्यंत खर्च वसूल करता येतो. आजच्या काळात हजार रुपयांनी कुणाला धाक बसणार, हा भाग वेगळा.

घरून धमक्या येताहेत. काय करावं?

दोघंही सज्ञान असाल तर पोलिसांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मुलगी घराबाहेर पडली की पहिली तक्रार बेपत्ता झाल्याची किंवा पळवून नेल्याची होते. मुलीने स्वतः पोलिस ठाण्यात जाऊन "मी स्वखुशीने आले आहे" असा जबाब दिला, की त्या तक्रारीतली हवा जाते. वयाचा पुरावा जवळ ठेवा. ठाणं कुठलं निवडायचं, याचाही विचार करा. गावातल्या ठाण्याऐवजी पोलिस अधीक्षक किंवा आयुक्तालयात अर्ज दिलेला बरा.

सर्वोच्च न्यायालयाने लता सिंग खटल्यात (२००६) आंतरजातीय जोडप्यांना त्रास होणार नाही हे पाहण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली. शक्ती वाहिनी खटल्यात (मार्च २०१८) प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा असावा असं सांगितलं. अर्जात या दोन निकालांचा उल्लेख जरूर करा. समोरच्याचा सूर बदलताना मी पाहिला आहे. जीवाला धोका असेल तर उच्च न्यायालयात संरक्षण मागता येतं. अशा वेळी वकील हवाच. आणि प्रसंग अगदी हातघाईवर आला तर ११२.

कागदपत्रं कुठली लागतात?

वयासाठी जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला. पत्त्यासाठी आधार, पासपोर्ट, रेशनकार्ड, लाईटबिल, नोंदवलेला भाडेकरार यांतलं जे असेल ते. दोघांचे फोटो. तीन साक्षीदारांचे ओळखपत्र आणि पत्त्याचे पुरावे. सगळ्याच्या मूळ प्रती बरोबर ठेवा. अगदी नेमकी यादी ज्या त्या कार्यालयातून आधी घ्या, एखादा कागद इकडेतिकडे होतो.

खरी डोकेदुखी नावांची. दाखल्यावर 'संगीता', आधारवर 'संगिता', पासपोर्टवर इंग्रजीत तिसरंच काही. एकीकडे वडिलांचं नाव 'बाळासाहेब', दुसरीकडे 'बाळू'. शाळेत गुरुजींनी घाईत लिहिलेलं नाव पंचवीस वर्षांनी असं आडवं येतं. नोटीस देण्याच्या महिनाभर आधी सगळे कागद पलंगावर मांडून एकेक अक्षर ताडून पाहा. आधार दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं. दाखला दुरुस्त करायला शाळेचे खेटे घालावे लागतात.

दोघांपैकी एकाचा घटस्फोट झालेला आहे.

न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागेल. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेली 'काडीमोड' किंवा 'सोडचिठ्ठी' दाखवून काम होत नाही. हुकूमनामा भांडणातून झालेला असेल तर अपिलाची ९० दिवसांची मुदत उलटू द्या आणि अपील झालेलं नाही याची खात्री करा. जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला.

साक्षीदार कोण चालतो?

कुणीही सज्ञान माणूस ज्याच्याकडे ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा आहे. नातेवाईकच हवा असं नाही. तीन लागतात, पण चार सांगून ठेवा. ऐन वेळी एकाला साहेब रजा देत नाही आणि दुसऱ्याची गाडी बंद पडते. हे मी अनुभवाने सांगते.

त्या दिवशी नेमकं काय होतं?

पोहोचता, नंबर लागतो, कागद तपासतात. तुम्ही दोघं आणि तीन साक्षीदार जाहीरनाम्यावर सह्या करता आणि अधिकारी त्यावर सही करतात. मग एकमेकांकडे पाहून एवढंच म्हणायचं: "मी अमुक, तुम्हा तमुक यांना माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो", आणि तिने "पती म्हणून स्वीकारते". दोघांना समजेल अशी कुठलीही भाषा चालते. एक जोडपं मालवणीत म्हणालं आणि अधिकारीबाई खुदकन हसल्या. या वाक्यांशिवाय लग्न पुरं होत नाही. बाकीचे विधी तुमच्या मर्जीवर. हार घाला, मंगळसूत्र घाला, नका घालू. मग प्रमाणपत्राच्या वहीत सह्या, आणि झालं. अर्धा तास पुष्कळ झाला. पेढ्यांचा बॉक्स मोठा न्या, शेजारच्या टेबलांनाही द्यावे लागतात.

रविवारचा मुहूर्त साधता येईल का? हॉलवर येतील का अधिकारी?

राज्य सरकारची कार्यालयं २९ फेब्रुवारी २०२०पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत, म्हणजे शनिवार-रविवार बंद. कार्यालयापासून बेताच्या अंतरावर दुसऱ्या ठिकाणी, जादा शुल्क भरून लग्न लावायची सोय कायद्यात आहे. नोटीस देतानाच विचारून ठेवा, ते त्यांच्या सवडीवरही असतं. बहुतेक जण शुक्रवारी सह्या करतात आणि रविवारी जेवण देतात. मुहूर्त बघणाऱ्या आजीला रविवारचा मुहूर्त हार घालण्यासाठी द्या.

एजंट म्हणतो एका दिवसात कोर्ट मॅरेज करून देतो. पंधरा हजार घेईन म्हणतो.

विशेष विवाह एका दिवसात होत नाही. तीस दिवसांचा नियम त्याच्यासाठीही आहे. मग तो करतो काय? कुठेतरी हार घालून विधी उरकतो आणि ते लग्न हिंदू विवाह कायद्याखाली नोंदवून देतो. दोघं हिंदू असतील, विधी खरोखर झालेले असतील आणि कागद खरे असतील, तर ते चालून जाईल. पण दोघांचे धर्म वेगळे असतील तर त्या कागदाला काडीची किंमत नाही, आणि खोट्या पत्त्यावर केलेली नोंद उद्या गळ्याशी येते. विशेष विवाहाचं सरकारी शुल्क किरकोळ आहे. पावती घ्या.

वकिलाने स्टॅम्पपेपरवर करून दिलेलं, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र म्हणजे लग्न नव्हे. हे दरवर्षी कुणाला तरी सांगावं लागतं, आणि बहुतेक वेळा पैसे देऊन झाल्यावर.

आळंदीचं लग्न कायदेशीर असतं ना?

पळून जाऊन लग्न म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला आळंदी आठवते. माउलींच्या गावात मंगल कार्यालयं ढिगाने आहेत आणि सकाळी गेलेलं जोडपं दुपारी लग्न लागून बाहेर पडतं. दोघं हिंदू विवाह कायद्यात बसत असतील, वयं भरलेली असतील आणि विधी रीतसर झाले असतील, तर ते लग्न पक्कं आहे. कार्यालयाने दिलेला छापील दाखला म्हणजे मात्र सरकारी प्रमाणपत्र नव्हे. नोंदणी करून घेतल्याशिवाय गाव सोडू नका.

आमचं लग्न आधीच झालंय. ते विशेष विवाह कायद्याखाली आणता येतं का?

येतं. कलम १५ त्यासाठीच आहे. लग्नाचा विधी झालेला हवा, तेव्हापासून पती-पत्नी म्हणून एकत्र राहत असायला हवं आणि त्या जिल्ह्यात तीस दिवसांचा निवास हवा. इथेही तीस दिवसांची जाहीर सूचना आहेच. एक मेख लक्षात ठेवा: नोंदणीच्या वेळी दोघांचंही वय २१ पूर्ण हवं, मुलीचंही.

अशा लग्नाने वारसाहक्क बदलतात का?

दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असाल तर काही बदलत नाही. १९७६च्या दुरुस्तीने तुम्हाला तुमचाच वारसा कायदा लागू राहतो. धर्म वेगळे असतील तर तुम्हाला आणि तुमच्या मुलांना भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो, आणि जो हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असेल तो आपल्या एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असं धरतात. वडिलोपार्जित शेती असलेल्यांनी एकदा वकिलाला विचारून घ्यावं.

मागासवर्गीय मुलीचा किंवा मुलाचा जातीचा दाखला लग्नामुळे रद्द होत नाही. जात जन्माची धरतात.

सरकार पैसे देतं, ते खरं का?

राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची आंतरजातीय विवाह प्रोत्साहन योजना आहे. पती-पत्नीला मिळून ५०,००० रुपये. दोघांपैकी एक अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातला हवा. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात अर्ज करायचा. नोंदणीचा दाखला आणि दोघांचे जातीचे दाखले लागतात. पैसे यायला वेळ लागतो. ते धरून संसाराचा हिशेब मांडू नका.

आमच्यातला एक जण परदेशी नागरिक आहे.

चालतं. त्याच्या वकिलातीकडून तो अविवाहित असल्याचा दाखला लागतो, शिवाय पासपोर्ट आणि व्हिसा. तीस दिवसांचा निवास इथल्या माणसाचा असला तरी पुरतो. पुढे प्रमाणपत्र परदेशात वापरायचं असेल तर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, करून घ्यावं. परदेशात राहूनच भारतीय कायद्याने लग्न करायचं असेल, तर विदेश विवाह कायदा, १९६९ खाली भारतीय वकिलातीत करता येतं. जोडप्यातला एक जण भारतीय नागरिक हवा.

गोव्यात कसं असतं?

तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, त्यामुळे धर्म कुठलाही असो, नागरी नोंदणी प्रत्येकाला करावी लागते. लोक 'पहिली सही' आणि 'दुसरी सही' म्हणतात. पहिल्या सहीला दोघं सिव्हिल रजिस्ट्रारसमोर लग्नाचा इरादा जाहीर करतात, मग हरकतींसाठी काही दिवस जातात, मग दुसरी सही. तिथला आणखी एक फरक मोठा आहे: लग्नाआधी वेगळा करार केला नाही, तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सामाईक होते. कोल्हापूर-सावंतवाडीकडून गोव्यात सून किंवा जावई होऊन जाणाऱ्यांनी हे आधी वाचून ठेवावं. नंतर तो करार करता येत नाही.

दोन मुली किंवा दोन मुलगे लग्न करू शकतात का?

आज नाही. सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी, विशेष विवाह कायद्यात समलिंगी विवाह बसवता येत नाही, ते काम संसदेचं, असं सांगितलं. स्त्री-पुरुष जोडप्यातली एक व्यक्ती पारलिंगी असेल, तर मात्र सध्याच्या कायद्यांखालीच लग्न करता येतं, हेही त्याच निकालात आहे.

लग्नानंतर नाव बदलावंच लागतं का?

नाही. कुठल्याही कायद्यात तसं नाही. बदलायचं असेल तर विवाह प्रमाणपत्र आणि गरज पडल्यास राजपत्रातली नोंद. नाव बदला किंवा बदलू नका, पण भविष्यनिर्वाह निधीचं नामनिर्देशन मात्र पुन्हा भरा. कुटुंब नसताना केलेलं नामनिर्देशन लग्न झालं की गैरलागू ठरतं, आणि हे कुणी आपणहून सांगत नाही.

प्रमाणपत्रात चूक निघाली तर?

कायद्यात दुरुस्तीची सोय आहे. चूक लक्षात आल्यापासून महिन्याच्या आत, तुमच्या समोर, अधिकारी समासात दुरुस्तीची नोंद करतात. मूळ नोंद खोडत नाहीत. पण त्यापेक्षा सही करण्याआधीच वाचा. सगळे फोटोच्या घाईत असतात, हार वाळत असतो, बाहेर रिक्षा थांबलेली असते. तरीही खुर्चीत बसून नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, पत्ता हे सगळं बोट ठेवून वाचा. मागच्या वेळी एका नवरीने असंच वाचलं आणि मान वर करून म्हणाली, "काकू, तुमचंच आडनाव चुकलंय."